निशिगंधाला नुसती पात, दांडा नाही

प्रश्न (भुसावळ): अंगणातल्या काळ्या मातीत वैशाखात निशिगंधाचे २५ कंद लावले. गणपती गेले, नवरात्र तोंडावर आलं, तरी गवतासारखी पातच. देवीला घरचं फूल वाहायचं मनात होतं. काय चुकलं?

उत्तर (यावल): ताई, कंद केवढे होते? लसणाच्या पाकळीएवढे असतील तर पहिल्या वर्षी पातच येते. फुलायला कंद निदान २ सेंटीमीटर जाड हवा. शिवाय आपली काळी माती पाणी धरते. एका पावसाळ्यात माझे निम्मे कंद कुजले, फार जिवाला लागलं. तेव्हापासून वीतभर उंच वाफा करतो, वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून. ऊन मात्र दिवसभर पाहिजे.

प्रश्नकर्ती: बारीकच होते हो दादा. उपटून टाकू?

यावल: अजिबात नको! राहू द्या, पोसतील. थंडीत पात पिवळी पडली की पाणी तोडा, कंद काढून सावलीत सुकवा, जाड तेवढे निवडून एप्रिल-मेमध्ये लावा. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याची पिल्लं फुलतात.

रावेर: आणि एकेरी पाकळीचाच लावा ताई. खरा वास त्याचाच, संध्याकाळी ओसरी भरून जाते.