'स्पार्स'ला विरळ म्हणायचं की तुरळक?

अनुलेखा
रडारवरच्या एका पाठाचं भाषांतर चालू आहे. मूळ मुद्दा असा, की हलती लक्ष्यं 'स्पार्स' असतात, म्हणून थोडेच स्पंद (पल्स) पाठवूनही ती शोधता येतात. मी 'विरळ' लिहिलं होतं. तपासणीत त्याचं 'विरल संकेत' झालं. ते वाचून क्षीण झालेला संकेत डोळ्यांपुढे येतो. काय लिहावं?

शब्दसाठा
'विरल' संस्कृत, 'विरळ' हे त्याचंच मराठीत रुळलेलं रूप. अर्थ एकच. परिभाषा म्हटली की तत्समच हवं, हा हट्ट सोडायला हवा. 'विरळ'च ठेवा.

स्पंद
प्रश्न ल-ळचा नाही. विरळ हवा सगळीकडे असते, फक्त कमी असते. स्पार्समध्ये बहुतेक घरं शून्य आणि मोजक्या घरांत भरघोस किंमत. १० गिगाहर्ट्झचं रडार घ्या, तरंगलांबी ३ सेंमी. सेकंदाला ४००० स्पंद, एका खेपेत १२८, म्हणजे ३२ मिलिसेकंद. डॉप्लरची, म्हणजे लक्ष्याच्या वेगामुळे वारंवारतेत पडणाऱ्या फरकाची, १२८ घरं, प्रत्येक ३१.२५ हर्ट्झचं. अंतराची ५०० घरं धरली तर ६४,००० घरांचा तक्ता, आणि रस्त्यावर गाड्या पाच. ताशी ५४ किमी वेगाने सरळ रडारकडे येणारी गाडी १००० हर्ट्झच्या घरात दिसते. बाकीची घरं रिकामी. याला 'तुरळक' म्हणावं. आणि 'तुरळक संकेत' मात्र लिहू नका. गाडीचा अंश १२८ही स्पंदांत असतो, तुरळकपणा फक्त तक्त्यात असतो.

खरीप
तुरळकला अनुमोदन. हवामानाच्या अंदाजात 'तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस' असतं. ठिकाणं थोडी, पण जिथे पडतो तिथे भरपूर. स्पार्सचा नेमका हाच अर्थ. 'विरळ' मात्र टाकून देऊ नका. ज्वारीत दाट उगवलेली रोपं उपटतात ती विरळणी. आधी सगळी घरं भरायची, मग उंबरठ्याखालची दर फेरीला शून्य करायची, या रीतीला 'विरळणी' चपखल बसतं. एकेक लक्ष्य उचलत जाणाऱ्या रीतीला बसत नाही, कारण तिथे सुरुवातच रिकाम्या शेतापासून होते.

शब्दसाठा
'विरळता' सहज होतं. 'तुरळकता' कानाला खटकतं.

खरीप
मग तुरळकपणा म्हणा. 'पणा' लागला की शब्द शास्त्रीय राहत नाही, हे कुणी ठरवलं?

किनारा
@स्पंद, 'बाकीची रिकामी' हे चूक आहे. जमीन, इमारती, डोंगर यांच्यावरून परतलेली ऊर्जा शून्य डॉप्लरच्या ओळीत जवळजवळ प्रत्येक अंतरावर बसते, आणि गाडीच्या हजारो पट असू शकते. ती आधी काढली नाही तर एकेक लक्ष्य उचलणारी रीत आपल्या सगळ्या निवडी त्याच ओळीत खर्च करते. लागोपाठच्या दोन स्पंदांची वजाबाकी केली की स्थिर भाग जातो. पण तुमच्या आकड्यांत ताशी २१६ किमीने येणारं लक्ष्यही त्याबरोबर पुसलं जातं, कारण त्याची कला (फेज) दर स्पंदाला बरोबर एक फेरा पूर्ण करते. तुरळक असतं ते या सफाईनंतर उरलेलं. आणि या 'क्लटर'ला कृपया 'गोंगाट' लिहू नका. गोंगाट रिसीव्हरच्या स्वतःच्या उष्णतेचा. प्रक्षेपणाची शक्ती दुप्पट केली तर गोंगाट तेवढाच राहतो, क्लटर मात्र लक्ष्याच्या बरोबरीने वाढतं. मी 'अडगळ' म्हणते.

शब्दसाठा
अडगळ एका जागी पडून असते. वाऱ्याने डोलणारी झाडं आणि समुद्राच्या लाटा अडगळ कशा?

किनारा
अडचण खरी आहे. लाटांचं क्लटर शून्यावर थांबत नाही, आजूबाजूला पसरतं, म्हणून साधी वजाबाकी तिथे पुरी पडत नाही. तरी नको असलेलं आणि आड येणारं, हा अर्थ 'अडगळ'मध्ये आहे.

खरीप
विमान शोधणाऱ्या रडारला पाऊस अडगळ, हवामानाच्या रडारला तोच लक्ष्य. अडगळ कशाला म्हणायचं ते घरच्यांनी ठरवायचं, म्हणून शब्द आवडला.

अनुलेखा
म्हणजे 'अडगळ काढल्यावर तक्त्यात लक्ष्यं तुरळक उरतात'?

स्पंद
चालेल, पण पुढच्या परिच्छेदात अडाल. गाडी १०१५.६ हर्ट्झवर असली तर दोन घरांच्या बरोबर सीमेवर येते. शिखर सुमारे ३.९ डेसिबलने खचतं, उरलेली ऊर्जा शेजारच्या घरांत जाते, आणि एका गाडीच्या चार दिसू लागतात. घरं चौपट बारीक केली तर लगतच्या घरांचे स्तंभ, म्हणजे त्या-त्या घरातल्या लक्ष्याचे अपेक्षित नमुने, ०.९ इतके सारखे होतात आणि निवड शेजाऱ्यावर पडते. म्हणून आधी ढोबळ शिखर निवडायचं, त्याच्या आसपास वारंवारता बारकाईने जुळवायची, मगच वजा करायचं. न जुळवता वजा केलं तर उरलेला भाग नवं लक्ष्य म्हणून पुन्हा वर येतो. या सांडण्याला पुस्तकं 'गळती' म्हणतात.

शब्दसाठा
गळतीत वस्तू वाया जाते. इथे ऊर्जा हरवत नाही, शेजारी जाते. 'पाझर' म्हणा. पाझर तलावाचं पाणी खालच्या विहिरींना लागतं, तसं.

किनारा
पाझर हवाहवासा असतो, तलाव त्यासाठीच बांधतात. इथे तो खिडकी लावून, म्हणजे खेपेच्या दोन्ही टोकांच्या स्पंदांना कमी वजन देऊन, दाबावा लागतो, आणि खिडकीने शिखर रुंद होतं.

खरीप
'खिडकी' म्हणजे विंडोच ना? त्याला मराठीत दुसरा शब्द नाही का?