केंद्रक मोजा, नुसता अंदाज नको

काचपट्टी:
लघवीतल्या पेशींवरून मूत्राशयाचा कॅन्सर ओळखता येतो हे पापानिकोलाउ आणि मार्शल यांनी १९४५ साली मांडलं. आपण लॅबवाले मात्र पेशीतलं केंद्रक किती मोठं हे अजून नजरेनेच ठरवतो. लघवीतल्या पेशींचा रिपोर्ट कसा लिहायचा हे ठरवणाऱ्या २०१६ च्या पॅरिस सिस्टीमने आकडे दिलेत: केंद्रक आणि पेशीचं प्रमाण ०.५ च्या वर गेलं तर ॲटिपिकलचा (पेशी नेहमीसारखी नाही, पण कॅन्सरही नक्की नाही) विचार, ०.७ च्या वर गेलं तर हाय ग्रेडचा, म्हणजे आक्रमक कॅन्सरचा. आता ०.६ आणि ०.७ मधला फरक डोळ्यांना दिसतो का? मला नाही दिसत. कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडलेलाच असतो, सॉफ्टवेअरमध्ये पेशीची कड आखायला मिनिटही लागत नाही. शंकास्पद स्लाइडवर निदान पाच-दहा पेशी मोजाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

जुनी_लॅब:
नाही पटलं. बीके व्हायरसने ग्रासलेली पेशी मोजून पाहा. प्रमाण सहज ०.७ च्या पुढे जाईल, पण तो कॅन्सर नव्हे. काठ गुळगुळीत, आत धुरकट काचेसारखं दिसतं, म्हणून आपण ती ओळखतो. मुतखडा, बीसीजी (उपचार म्हणून मूत्राशयात सोडतात ती लस), रेडिएशन यांनीही केंद्रकं फुगतात. उलट लो ग्रेड, म्हणजे कमी आक्रमक गाठीतल्या पेशी जवळजवळ साध्याच दिसतात, तिथे तुमची पट्टी काय करणार? कडेचा वेडावाकडेपणा आणि क्रोमॅटिनचा (केंद्रकातल्या डीएनएच्या द्रव्याचा) भरडपणा आकड्यात येत नाही.

रेवा:
मी डॉक्टर नाही. माझ्या बाबांच्या रिपोर्टवर ‘ॲटिपिकल’ आलं आणि वर्षात तीनदा दुर्बीण घालून तपासणी झाली. काही निघालं नाही, पण दर वेळी आठवडाभर घरात कोणी धड जेवत नव्हतं. मोजल्याने तो एक शब्द कमी वेळा लिहावा लागणार असेल, तर मोजा हो.

काचपट्टी:
रेवाताई, नेमकं त्यासाठीच म्हणतोय. जुनी_लॅब, बीके व्हायरसचं मान्य. पण मी आकड्यावर निदान द्या म्हणत नाहीये. काठ, रंग, क्रोमॅटिन तुम्हीच पाहायचं. फक्त ‘मोठं वाटतं’ याजागी मोजलेला आकडा येऊ दे.

सांगलीकर:
कुठला आकडा, हे आधी ठरवा. व्यासांचं प्रमाण ०.७ असेल तर क्षेत्रफळाचं ०.४९ येतं. म्हणजे तीच पेशी एकाच्या हिशेबात हाय ग्रेडच्या दारात, दुसऱ्याच्या हिशेबात ॲटिपिकलही नाही. बघताना आपली नजर बहुधा रुंदीच धरते.

जुनी_लॅब:
हा मुद्दा मात्र लागला. त्यात पेशी कशात जतन केली यावरही तिचा आकार बदलतो. प्रत्येक लॅबने आधी आपल्याच जुन्या, पक्क्या निदानाच्या स्लाइडवर हे मोजून दाखवावं. तोवर माझ्या रिपोर्टात आकडा येणार नाही.

काचपट्टी:
कबूल. सोमवारपासून क्षेत्रफळ धरून जुन्या स्लाइड मोजायला घेतो.