मदत हवी आहे: एचपी१ काढलं तर जीन्स खाली का जातायत?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात पीएचडी करतेय. हेला सेल्समध्ये (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सर पेशी) एसआयआरएनए (ठरावीक जीनचा मेसेज, म्हणजे एमआरएनए, नष्ट करणारा छोटा आरएनए) घालून एचपी१ अल्फा (सीबीएक्स५ जीनचं प्रोटीन) कमी केलं, ७२ तासांनी वेस्टर्नमध्ये (प्रोटीन किती आहे ते दाखवणारी चाचणी) बँड जवळपास गायब, म्हणजे नॉकडाऊन झालंय. आता पुस्तकी हिशोब असा की एचपी१ एच३के९ ट्रायमिथाइलला (हिस्टोन प्रोटीनवरची जीन्स बंद ठेवणारी रासायनिक खूण) धरून हेटरोक्रोमॅटिन (डीएनएचा घट्ट गुंडाळलेला, बहुतेक बंद भाग) दाबून ठेवतं, ते काढलं की दबलेल्या जीन्स वर यायला हव्यात. पण आरएनए-सीकमध्ये (सगळ्या जीन्सचे मेसेज एकदम मोजायची पद्धत) जेवढ्या वर तेवढ्याच खाली, आणि बहुतेक जीन्स तर ढिम्म हलल्या नाहीत!! वर गेलेल्यांत आयएफआयटी१, आयएसजी१५ अशा इंटरफेरॉनवाल्या (व्हायरस आला की चालू होणाऱ्या) भरपूर. सर म्हणतात हा एसआयआरएनएचाच प्रताप, मला वाटतं जिनोममधले जुने रेट्रोव्हायरस जागे झाले, त्यांचा डबल स्ट्रँडेड आरएनए बनला आणि सेलला वाटलं व्हायरस शिरला. कंट्रोलला स्क्रॅम्बल्ड एसआयआरएनए (बेसचा क्रम विस्कटलेला, कुठल्याच जीनला न लागणारा) आहे. कोण बरोबर ते ठरवायचं कसं?

प्रतिसाद १:
स्क्रॅम्बल्डने इथे निकाल लागणार नाही, कारण त्याचा सीक्वेन्सच वेगळा. एसआयआरएनएचा सीड, म्हणजे गाईड स्ट्रँडचे (मेसेज शोधणाऱ्या पट्टीचे) २ ते ८ नंबरचे बेस, मायक्रोआरएनएसारखे (सेलचेच जीन्स दाबणारे छोटे आरएनए) भलत्याच मेसेजच्या ३ प्राइम यूटीआरला (शेवटच्या, प्रोटीन न बनवणाऱ्या भागाला) चिकटतात आणि ते मेसेज खाली जातात. तुझ्या खाली गेलेल्या जीन्समध्ये सीडच्या जोडीच्या साइट्स जास्त सापडतात का ते आधी बघ, फुकटात होतं. मग सीबीएक्स५ वरच्याच दुसऱ्या जागेचा एसआयआरएनए घे, आणि त्याहून पक्कं म्हणजे रेस्क्यू: एसआयआरएनएला न जुमानणारं सीबीएक्स५ परत घाल. इंटरफेरॉन शांत झालं तर तुझं बरोबर, सरांना पेढे दे :)

प्रतिसाद २:
खाली गेलेली प्रत्येक जीन खोटी समजू नकोस हं. फळमाशीत लाइट आणि रोल्ड या जीन्स हेटरोक्रोमॅटिनमध्येच राहतात आणि त्यांना चालायला एचपी१ लागतं. बाकी ७२ तास म्हणजे खूप झाले, तेवढ्यात एका जीनमुळे दुसरी, दुसरीमुळे तिसरी बदलते, म्हणून २४ आणि ४८ तासांचं क्यूपीसीआर (एकेका जीनचा मेसेज मोजणं) करच, शिवाय कट अँड रन करून एचपी१ मुळात त्या जीन्सवर बसतं का ते बघ. न हललेल्यांचं म्हणशील तर एचपी१चे बीटा आणि गॅमा भाऊ आहेतच काम उरकायला.

मूळ प्रश्नकर्ती:
खूप आभार दोघांचे! सीडचं आज रात्रीच बघते. पुण्यात कुणाकडे कट अँड रनला चालणारी सीबीएक्स५ अँटिबॉडी आहे का, थोडीशी मिळाली तरी चालेल, नवी मागवायची तर ग्रँट येईपर्यंत थांबावं लागेल.