मॉरिशसमधील मराठी घराण्यांची वंशावळ: ‘भाऊ’ म्हणून सांगितलेले दोन मूळपुरुष खरोखर भाऊ होते का?

दापोलीची_लेक (प्रश्न)

नमस्कार. माझे माहेर दापोली तालुक्यातले असून लग्नानंतर गेली अकरा वर्षे मी मॉरिशसमध्ये, वाक्वा शहराजवळ राहते. सासरचे घराणे मराठी आहे आणि सासरे आता ऐंशीच्या घरात असल्यामुळे त्यांच्या हयातीत घराण्याची वंशावळ कागदावर उतरवावी, अशी घरातल्या सर्वांची इच्छा आहे. काम माझ्याकडे आले आणि सहा महिन्यांत ते एका गाठीशी अडकले. ती गाठ येथे मांडते.

१८५० च्या दशकाच्या अखेरीस दोन तरुण मुंबई बंदरातून करारबद्ध मजूर म्हणून पोर्ट लुईला उतरले. त्यांतले एक सासऱ्यांचे खापरपणजोबा. त्यांना मी ‘थोरले’ म्हणते. दुसऱ्यांना ‘धाकटे’ म्हणू. दोघेही एकाच साखरमळ्यावर कामाला लागले आणि ते सख्खे भाऊ होते, असे आमच्याकडे चार पिढ्या सांगितले जाते. येथील रीतीप्रमाणे त्यांची मूळ आडनावे नोंदीत आलीच नाहीत. थोरल्यांचे पाळण्यातले नाव आमचे आडनाव झाले आणि धाकट्यांचे नाव त्यांच्या वंशजांचे, त्यामुळे आडनावावरून काहीच ठरत नाही.

पुढच्या पिढ्यांत या दोन घरांमध्ये इतक्या सोयरिकी झाल्या, की कागदावर रेघा ओढताना हात थांबतो. सासऱ्यांचे आजोबा, म्हणजे थोरल्यांचे नातू, यांना धाकट्यांची नात (मुलाची मुलगी) दिली आणि त्याच मांडवात त्यांची बहीण त्या मुलीच्या भावाला दिली, म्हणजे सरळ साटेलोटे झाले. शिवाय सासऱ्यांच्या आईची आजी (आईची आई) हीसुद्धा धाकट्यांचीच मुलगी होती.

आणखी एक अडचण अशी की, धाकट्यांच्या थोरल्या दोन अपत्यांच्या जन्मनोंदीत आईचे नाव एक आहे, तर १८६९ नंतरच्या अपत्यांच्या नोंदीत वेगळे आहे. ही एकच बाई, की दोन?

साटेलोट्यातून झालेल्या शाखेतल्या एका गृहस्थांची आणि सासऱ्यांची जनुकीय चाचणीही झाली आहे. दोघांत सुमारे ५२० सेंटिमॉर्गन (दोघांत समान असलेल्या जनुकीय भागाचे माप) जुळतात आणि चाचणी करणाऱ्यांच्या संकेतस्थळाने ते ‘सख्ख्या चुलत भावंडाचे अपत्य’ असावेत, असा अंदाज दिला आहे. आमच्या कागदांप्रमाणे ते नाते तितके जवळचे नाही. थोरले आणि धाकटे भाऊ असल्याचा हा पुरावा मानावा का?

दप्तरदार (प्रतिसाद)

आपण प्रश्न नीट मांडला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

पहिली गोष्ट ही की, या नोंदींमध्ये माणूस नावाने ओळखू नये, क्रमांकाने ओळखावा. मॉरिशसला उतरलेल्या प्रत्येक करारबद्ध मजुराला एक स्थलांतर क्रमांक मिळत असे आणि तो करारनाम्यापासून विवाहनोंदीपर्यंत अनेक कागदांवर पुन्हा पुन्हा येतो. सखाराम, भिवा, रामजी, गोविंद ही नावे त्या काळच्या कोकणात घरोघरी होती. कारकून ती ऐकून लिहीत, तेही कधी इंग्रजी वळणाने, तर कधी फ्रेंच वळणाने. त्यामुळे एकच माणूस तीन स्पेलिंगांत सापडतो आणि तीन माणसे एकाच स्पेलिंगात सापडतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ही मूळ नोंदणीपुस्तके जतन केलेली आहेत आणि वंशजांना तेथून उतारा मिळवता येतो. त्या उताऱ्यात साधारणपणे बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज आणि अंगावरची खूण इतका तपशील असतो, तर १८६० च्या दशकापासूनच्या काही जणांची छायाचित्रेही आहेत. दोन्ही मूळपुरुषांचे उतारे आपल्याकडे असतील, तर सर्वप्रथम बापाच्या नावाचा रकाना पाहावा. वंशावळीचा आराखडा हाती असला, की आपण उतारा तो भरण्यापुरताच वाचतो आणि हा रकाना नजरेतून सुटतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

दुसरी गोष्ट बायकांची. बहुतेक जण मूळपुरुषाचा उतारा काढतात आणि थांबतात. भारतातून आलेल्या बाईलाही स्वतंत्र क्रमांक असे आणि तिच्या उताऱ्यावर तिच्या बापाचे नाव व गाव असते. मात्र मॉरिशसमध्येच जन्मलेल्या मुलीला असा क्रमांक नसे. तिचा माग नागरी जन्मनोंदीतूनच काढावा लागतो. धाकट्यांच्या अपत्यांच्या नोंदींतल्या दोन नावांपैकी एकीला क्रमांक असेल आणि दुसरीला नसेल, तर त्या दोन बायका आहेत, हे जवळजवळ ठरलेच.

१८६९ या सालाकडेही दुर्लक्ष करू नये. १८६६ ते १८६८ या काळात मॉरिशसमध्ये हिवतापाची भयंकर साथ आली आणि हजारो माणसे दगावली. त्या साथीनंतरच्या नोंदींत विधुर, विधवा आणि पोरकी मुले यांची नवी घरे उभी राहिलेली दिसतात. कुणबी समाजात विधवेचा पाट लावण्याची, म्हणजे पुनर्विवाहाची, रीत होतीच. त्यामुळे पाट लावून आलेल्या बाईबरोबर तिची आधीची मुले आली असतील आणि तीही पुढे धाकट्यांच्या नावाने ओळखली गेली असतील, ही शक्यता नोंदवून ठेवावी. भर म्हणजे येथील धार्मिक विवाहांना दीर्घकाळ आपोआप कायदेशीर मान्यता नव्हती, म्हणून घरात रीतसर लग्न झालेले असूनही नागरी कागदावर विवाहाची नोंद न सापडणे हे नेहमीचेच आहे. नोंद नाही म्हणून लग्नच झाले नव्हते, असा निष्कर्ष काढू नये.

भावकी_आणि_सोयरीक (प्रतिसाद)

वर दप्तराबद्दल योग्य तेच सांगितले आहे. मला मात्र मूळ प्रश्नातच त्याचे उत्तर दडलेले दिसते.

आपण लिहिले आहे की, थोरल्यांच्या मुलाच्या मुलाला धाकट्यांच्या मुलाची मुलगी दिली. आता कोकणातल्या आपल्या माहेरच्या रीतीने याचा विचार करावा. मामाची मुलगी करणे चालते, किंबहुना कौतुकाने केले जाते. पण दोन भावांच्या मुलांच्या मुलांमध्ये लग्न होत नाही, कारण ती एकाच भावकीतली, एकाच देवकाची मुले ठरतात. थोरले आणि धाकटे सख्खे भाऊ असते, तर हे लग्न म्हणजे भावकीतली सोयरीक झाली असती, आणि तीही साटेलोट्याने दुहेरी. असे लग्न लपून झाले असते तर गोष्ट निराळी. पण आपणच म्हणता की ते एकाच मांडवात, सर्वांसमक्ष झाले. त्या मांडवात बसलेल्या वडीलधाऱ्यांना हे दोघे एकमेकांचे कोण आहेत, ते नक्की ठाऊक होते आणि त्यांच्या लेखी ते एका बापाचे मुलगे नव्हते.

मग ‘भाऊ’ हा शब्द कुठून आला? आपल्याकडे हा शब्द फार सैल आहे. मावसभाऊ, गावभाऊ, साडू, मेहुणा हे सगळे तिसऱ्या पिढीच्या तोंडी ‘भाऊ’ होऊन जातात. आणि एका जहाजातून आलेल्यांमध्ये जहाजीभाई हे नाते तर रक्ताच्या नात्याइतकेच पाळले जात असे.

माझी सूचना एवढीच की, सासूबाईंना वंशावळ विचारू नये. दोन्ही घरांचे देवक कोणते, ते विचारावे. नावे विसरली जातात, परंतु लग्नाच्या आदल्या दिवशी कोणत्या झाडाची डहाळी आणायची, हे घरातल्या बायका सहसा विसरत नाहीत.

सेंटिमॉर्गन (प्रतिसाद)

जनुकीय भागाबद्दल लिहितो, कारण संकेतस्थळाचा अंदाज पाहून बऱ्याच जणांची येथेच फसगत होते.

तो अंदाज दोन माणसे एकाच वाटेने नातेवाईक आहेत, असे गृहीत धरून केलेला असतो. आपल्या उदाहरणात वाटा अनेक आहेत. आपण दिलेल्या माहितीप्रमाणे सासऱ्यांचे वडील आणि त्या गृहस्थांचे वडील हे साटेलोट्यातल्या दोन जोडप्यांचे मुलगे आहेत, असे मी धरतो. म्हणजे ते दोघे एकाच वेळी आते-मामे भाऊ दोन्ही बाजूंनी झाले. त्यांची मुले, म्हणजे सासरे आणि ते गृहस्थ, ही पुढच्या पिढीतली दुहेरी भावंडे होत. या पिढीच्या एकेरी नात्यात सरासरी २३० सेंटिमॉर्गनच्या आसपास जुळणी असते. दुहेरीत ती ४६० च्या जवळ जाते. त्यात सासऱ्यांच्या आईकडून धाकट्यांपर्यंत जाणारी तिसरी वाट मिळवली, तर आणखी सरासरी ७० च्या घरात भर पडते. बेरीज ५३० होते आणि आपल्या चाचणीत ५२० आले आहेत. म्हणजे कागद आणि रक्त यांचे येथे छान जुळते आहे. थोरले व धाकटे भाऊ असल्याचे गृहीत धरण्याची मुळी गरजच उरत नाही.

या आकड्यावरून भाऊपण नाकारताही येणार नाही, हेही तितकेच खरे. सरासरीच्या खालीवर शंभर-दीडशेचा फरक सहज पडतो आणि इतक्या जुन्या जास्तीच्या नात्याने पडणारी भर त्यात बुडून जाते. धाकट्यांची बायको एक की दोन, हेही या आकड्यावरून ठरणार नाही. एरवी खापरपणजोबांच्या पिढीत सासऱ्यांचे सोळा निरनिराळे पूर्वज असायला हवेत. धाकटे दोन वाटांनी येत असल्यामुळे, बायको एकच असेल तर ते चौदा होतात आणि दोन वाटा दोन वेगळ्या बायकांच्या पोटच्या असतील तर पंधरा. वंशावळ काढताना त्या जोडप्याला दोन ठिकाणी न लिहिता एकदाच लिहावे आणि तेथे दोन रेघा आणून सोडाव्यात.

आपल्या प्रश्नाला थेट भिडणारी चाचणी वेगळी आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते आणि बाकीच्या सोयरिकींचा त्यावर काहीच परिणाम होत नाही. सासरे थोरल्यांच्या अखंड पुरुषरेषेत आहेत. ते गृहस्थ धाकट्यांच्या. दोघांची वाय चाचणी करावी. ती वेगळी निघाली, तर थोरले आणि धाकटे एका बापाचे नव्हते, असे मानायला भक्कम आधार मिळेल; मात्र मधल्या एखाद्या पिढीत सावत्र मूल आले असेल, तरीही ती वेगळी निघू शकते. जुळली, तर मात्र ‘भाऊ’ असे लगेच लिहू नये, कारण एका गावच्या भावकीतले दूरचे चुलतही जुळतातच.

दापोलीची_लेक

तिघांचीही मी मनापासून आभारी आहे. गेल्या आठवड्यात दोन कामे केली.

सासूबाईंना देवकाबद्दल विचारले. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की, आमच्याकडे कळंबाची डहाळी आणतात आणि ‘त्यांच्याकडे’ उंबराची. हे सांगताना आपण चार पिढ्यांची कथा मोडीत काढतो आहोत, याची त्यांना कल्पनाही नव्हती.

उतारेही पुन्हा वाचले. दप्तरदार यांनी म्हटल्याप्रमाणेच झाले होते. दोघांच्या बापांची नावे वेगवेगळी आहेत आणि मी ती सहा महिने पाहूनही पाहिली नव्हती. गाव मात्र दोघांचेही ‘खेड’ लिहिले आहे. आणखी एक गोष्ट लक्षात आली. दोघांच्या स्थलांतर क्रमांकांमध्ये नेमका एक क्रमांक मोकळा आहे. तो कोणाचा, हे पाहण्यासाठी मोक्याला जाणार आहे.

भावकी_आणि_सोयरीक

देवके वेगळी असणे हा मजबूत पुरावा आहे, पण माझ्याच म्हणण्याला थोडी मुरड घालतो. मळ्यावर बायकांची संख्या कमी असल्यामुळे तेथे जातीचे आणि देवकाचे नियम काही वेळा सैल झाले. म्हणून एकट्या लग्नावरून निकाल देऊ नये. येथे लग्न, देवक आणि बापाचे नाव अशा तीन गोष्टी एका दिशेने बोलत आहेत, म्हणून मी निश्चिंत आहे.

‘खेड’बद्दल मात्र सावध राहावे. रत्नागिरी जिल्ह्यात खेड आहे, पुणे जिल्ह्यातही आहे, आणि त्या काळचा कारकून तालुक्याचे नाव गावाच्या रकान्यात टाकून मोकळा होत असे. तसेच आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ पर्यंत रत्नागिरीचाच भाग होता, म्हणून नुसते ‘रत्नागिरी’ लिहिलेले असेल तर मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत शोध घ्यावा लागतो. गाव पक्के झाल्यावर तहसील कार्यालयातला गाव नमुना १४, म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, पाहता येईल. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून राज्यभर ही दप्तरे बाहेर काढली गेली, त्यामुळे मोडी वाचणारी माणसेही आता सापडतात. मूळपुरुष त्यात मिळणार नाहीत, कारण ते आधीच निघून गेले होते. पण मागे राहिलेल्या भावकीची नावे मिळू शकतील.

दापोलीची_लेक

मधला क्रमांक एका बाईचा निघाला. वय सोळा, गाव खेड, जहाज तेच, आणि बापाचे नाव धाकट्यांच्या बापाचे. थोरल्यांच्या थोरल्या मुलाच्या जन्मनोंदीत आईचा म्हणून जो क्रमांक आहे, तो हाच. म्हणजे थोरल्यांची बायको ही धाकट्यांची बहीण असावी आणि ते दोघे भाऊ नव्हते, मेहुणे होते. ‘रामजी’ हे बापाचे नाव फार सरधोपट असल्यामुळे वंशावळीत मी ही रेघ सध्या तुटक काढली आहे. त्या गृहस्थांनी वाय चाचणीला होकार दिला आहे.

सासूबाईंना हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग त्यात नवल काय, मामाच्या घरचीच मुलगी केली ना त्यांनी.”

धाकट्यांच्या दोन बायकांपैकी पहिलीचा क्रमांक सापडला आहे. दुसरीला क्रमांक दिसत नाही. तिच्या जन्मनोंदीसाठी पुढच्या सोमवारी नागरी नोंदणी कार्यालयात अर्ज देणार आहे.