डायपर ओला झाला म्हणजे लघवीची पिशवी रिकामी झाली असं नाही

वर एका ताईंनी लिहिलंय की लेकराची लघवी काढायला घरी नळी घालून जंतू आत न्यायचे त्यापेक्षा डायपर बरा, लघवी तर गळतेच आहे. ताई, हे पटत नाही. मणक्याच्या जन्मजात दोषात बऱ्याचदा गळते ती तुडुंब भरलेल्या पिशवीतली वरवरची लघवी. आतला दाब किडनीवर जातो, आणि लेकराला काहीच कळत नाही. अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं, की नळी निर्जंतुक नसली तरी स्वच्छ हवी, आणि पिशवी वेळेवर रिकामी व्हायला हवी.

लेकराच्या पिशवीत किती लघवी मावते, त्या मोजमापाबद्दल मात्र इथं कुणी बोललं नाही. ढोबळ हिशोब असा: वयात एक मिळवायचा, ३० नं गुणायचं, तेवढे मिलिलिटर. माझी लेक सात वर्षांची, म्हणजे २४०. शाळेतून आली की मापाच्या मगात ३८० निघायचे! वही डॉक्टरांना दाखवली, तेव्हापासून मधल्या सुट्टीत नळी घालायला मीच शाळेत जाते. आमच्या औशाकडं उन्हाळ्यात टँकरचं पाणी. तरी हात धुवायचा तांब्या वेगळा भरलेला असतो. आणि गळू नये म्हणून लेकराचं पिण्याचं पाणी तोडू नका, निदान आपल्या मे महिन्यात तरी.