ऑइल बदलताना तुम्ही काय काय घोळ घातलेत?

काल माळ्यावरचं एक खोकं उपसलं तर तळाशी बाबांचा फिल्टर काढायचा पट्ट्याचा पाना निघाला. हातात घेतला आणि तो जळकट, गोडसर वास आला. मी थेट दहा वर्षांचा, गाडीशेजारी टॉर्च धरून. (टॉर्च कायम चुकीच्या जागी. त्यावरून खाल्लेल्या बोलण्यांचा वेगळा धागा होईल.)

बाबा दर ५००० किमीला ऑइल बदलायचे म्हणजे बदलायचेच. मी पहिल्यांदा सिंथेटिक, ५डब्ल्यू-३० आणलं तेव्हा दोन बोटांत थेंब चोळला आणि म्हणाले, "हे तेल आहे की पाणी? इंजिन बसवशील."

घोळ मी घातला, पण वेगळाच. जुना फिल्टर काढला, त्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली. मी न बघता नवा फिल्टर त्यावर चढवला. रिंगेवर रिंग. गाडी चालू केली, क्षणभर सगळं ठीक, मग खाली मधाच्या रंगाचं तळं. कोरं करकरीत सिंथेटिक, चार लिटर. बाबा पायरीवर बसले होते. एवढंच म्हणाले, "पातळच होतं."

येऊ द्या तुमचेही.

नटबोल्ट
"पातळच होतं" हाहाहा, वारलो!
रिंगेचा प्रताप इथेही झालाय. आता जुना फिल्टर हातात आला की आधी उलटा करून रिंग बघतो, मगच पुढचं. नव्या रिंगेला बोटाने तेल लावायचं आणि फिल्टर हातानेच आवळायचा.

उलटी_गिनती
मी त्याहून थोर. खाली दोन नट दिसले, एक सोडला. तेल लालसर आलं. म्हटलं आधीच्या माणसाने भारीतलं घातलं असेल. वरून चार लिटर ओतलं. डिपस्टिक बघितली तर तेल खुणेच्या वर कुठच्या कुठे. गिअरबॉक्स रिकामा आणि इंजिनात दुप्पट!! चालू केली नाही हे नशीब.

नटबोल्ट
@उलटी_गिनती वाचलास. क्रँक तेलात आपटत राहिला असता आणि सगळ्याचा फेस. पंपाने फेस ओढला की प्रेशर गेलं. शिवाय कोरडा गिअरबॉक्स, तो वेगळाच.

तेलकट
आम्ही "अजून जराऽसं" संप्रदायातले. चेंबरचा नट आवळला, वाटलं अजून जरासं, मग पाना एकदम हलका झाला. ज्यांचे आटे गेलेत त्यांना तो हलकेपणा माहीत आहे. ॲल्युमिनियमचं चेंबर होतं, बोलायलाच नको. नवा वायसर टाकला असता तर एवढं आवळावं लागलंच नसतं.

जुनाजाणता
बाबांचं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष चुकला. ५डब्ल्यूमधला डब्ल्यू म्हणजे विंटर. ५ हा गारठ्यातला आकडा, ३० हा १०० अंशांवरच्या दाटपणाचा. २०डब्ल्यू-५० वर हात बसलेल्याला ५डब्ल्यू-३० पाणीच वाटणार. पण गार इंजिन चालू करताना तेल वरपर्यंत पटकन पोचायला हवं, तिथे पातळ असणं हाच गुण आहे.
आणि हे काही कालचं खूळ नाही, मोबिल १ बाजारात आलं १९७४ साली. मात्र डब्यावर "सिंथेटिक" आहे म्हणून फार हुरळू नका. खनिज तेलावरच जबर प्रक्रिया करून बनवलेलं ग्रुप ३ सुद्धा त्याच नावाने विकलं जातं. त्यावरून अमेरिकेत मोठं भांडण झालं, १९९९ साली तिथल्या जाहिरातींच्या पंचांनी ते नाव चालेल म्हणून सांगितलं. मी डब्याचं पुढचं तोंड वाचतच नाही. मागे बारीक अक्षरांत मॅन्युअलमधला ग्रेड आणि मान्यता आहे का, तेवढं बघतो.

घाईत
सगळं वाचलं नाही, सॉरी. रस्त्यात तेल कमी पडलं, मिळालं ते साधं घातलं, आत सिंथेटिक होतं. संपलं का इंजिन?

जुनाजाणता
@घाईत नाही हो. मिसळतं. कमी तेलावर चालवण्यापेक्षा कितीतरी बरं. फक्त सिंथेटिकचा लांब पल्ला आता धरू नका, पुढचा बदल लवकर करा.

रोजचे_दोन_किमी
माझं तर डिपस्टिकवर तेल वाढत होतं. गाडी तेल खात नाही, उलट देते, म्हणून सगळ्यांना दाखवत हिंडलो. एकाने डिपस्टिकचा वास घ्यायला सांगितलं. पेट्रोल! एवढ्याशा फेरीत इंजिन तापतच नाही, न जळलेलं पेट्रोल खाली झिरपतं. किमी झाले नसले तरी वर्ष झालं की बदला, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

सईची_आई
धागा छान. मला गाडीतलं काही कळत नाही, पण पायरीवरचे बाबा दिसले अगदी.
ते जळकं तेल टाकता कुठे तुम्ही लोक? आमच्या गॅलरीत पाच डबे आहेत. पाच!

तेलकट
@सईची_आई गटारात नको, मातीत नको. जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्यायला सांगा. त्यात कूलंट वगैरे मिसळू देऊ नका, मग ते घेत नाहीत.

सईची_आई
सांगून दोन वर्षं झाली. डबे तेव्हा दोन होते.

नवशिक्या
धागाकर्ते, तो पट्ट्याचा पाना चालतो का अजून? माझा फिल्टर हलत नव्हता म्हणून स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवला. फिल्टर फाटला, पत्र्याचं तोंड वरच राहिलंय. जरा लवकर सांगा, गाडीखालूनच टाइप करतोय.