फुकट अ‍ॅप वापरतो म्हणजे पाळत ठेवायची परवानगी दिली का?

आडवाट: प्रायव्हसीचा विषय काढला की लगेच ऐकवतात, फुकट वापरताय ना, मग तक्रार कसली. मला हे अजिबात पटत नाही. जाहिरात दाखवा की, पेपरातही असते, पण पेपर माझ्या मागे डॉक्टरकडे येत नाही. इथे फोनचा अ‍ॅड आयडी (जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक), लोकेशन, कुठल्या साइटवर किती वेळ थांबलो हे सगळं जोडून माझी कुंडली बनते आणि ती कुणाकुणाकडे जाते ते मला कुणी सांगत नाही.

पेठकर: मॅप, ईमेल, व्हिडिओ चालवायला खर्च येतो, तो कोण देणार? माझा घरगुती मसाल्याचा धंदा आहे साताऱ्यात, पेपरात जाहिरात परवडत नाही, ऑनलाइन थोड्या पैशात नेमक्या गिऱ्हाइकापर्यंत पोचतो. ट्रॅकिंग बंद केलंत तर मोठ्यांना काही होणार नाही, आम्ही मरू. आणि नको असेल त्याने वापरू नये, जबरदस्ती थोडीच आहे.

आडवाट: जबरदस्ती नाही कशी? सोसायटीच्या नोटिसा, मुलांचा होमवर्क, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर, सोडून जाणार कुठे? त्यांच्या २०२१ च्या प्रायव्हसी पॉलिसीवरूनच सरकारच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३ कोटींचा दंड लावला. आणि दादा, मसाला विकायला गिऱ्हाईक साताऱ्याचं आहे एवढं कळलं तरी पुरे ना, त्याला शुगर आहे का हे कशाला हवं?

वऱ्हाडी_पोरगा: एवढी भीती वाटते तर ब्राउझरचा इन्कॉग्निटो मोड वापरा ना. माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही.

निशिगंध: इन्कॉग्निटोने फक्त आपल्या फोनमध्ये हिस्ट्री राहत नाही, साइटला आणि नेट देणाऱ्या कंपनीला दिसायचं ते दिसतंच. यावरूनच अमेरिकेत गूगलवर केस झाली आणि २०२४ च्या तडजोडीत अब्जावधी नोंदी पुसायचं कबूल करावं लागलं. आणि लपवण्यासारखं नाही म्हणता, पण कर्जाच्या अ‍ॅपवाल्यांनी लोकांचे कॉन्टॅक्ट उचलून नातेवाइकांना फोन करून अब्रू काढली, त्या लोकांनी काय लपवलं होतं? शेवटी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की असल्या अ‍ॅपने कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायचा नाही.

पेठकर: कर्जवाल्यांचं वेगळं, तो गुन्हाच आहे, त्यात मला ओढू नका. नुसतं गाव बघून जाहिरात दिली तर माझे अर्धे पैसे ज्यांना मसाला नकोय त्यांच्यावर जातात. आणि २०२३ चा डेटा कायदा आहे की, २५० कोटींपर्यंत दंड आहे त्यात.

आडवाट: त्याच कायद्यात सरकारला स्वतःच्या संस्थांना सूट देता येते, तेही वाचा. तुमचे पैसे वाया जाऊ नयेत हे मान्य, पण त्यासाठी मला आधी विचारा, आणि नाही म्हटलं तर अ‍ॅप बंद पाडू नका, एवढंच मागतोय.